नरसीची वाट आणि आमची तापलेली मोटार

प्रवासवर्णनाचा आरंभ प्रस्थानाच्या घटकेपासून करावा असा प्रघात आहे. परंतु आमच्या या लहानशा यात्रेचा खरा आरंभ निघण्यापूर्वी दोन दिवस, परभणीतील एका मोटारदुरुस्तीच्या दुकानाच्या दारात झाला. तेथे आम्ही जी घाई केली तिचे फळ आम्हांस हिंगोलीच्या पलीकडे भर दुपारी रस्त्यावर भोगावे लागले. तेव्हा तेथूनच सांगण्यास सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या मातोश्री आज एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, निजामी अमलात हिंगोलीस शिक्षक होते. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या उपद्रवाने मराठवाड्यातील कित्येक कुटुंबांनी वऱ्हाडची वाट धरली. त्यांत आजोबांचेही कुटुंब होते. एका रात्री बैलगाडीत चार भांडी, दोन वळकट्या आणि तीन मुले घालून ते वाशिमच्या दिशेने निघाले. सर्वांत धाकटे मूल म्हणजे आमची आई. निघतेवेळी आजीने उंबऱ्यावर उभे राहून नरसीच्या नामदेवाला हात जोडले आणि नवस केला की, मुले सुखरूप पलीकडे पोचली तर माझ्या हातांनी शिवलेला शेला घेऊन तुझ्या पायांशी येईन. नामदेवराय जातीचे शिंपी. तेव्हा सोन्यानाण्यापेक्षा हातशिलाईचे वस्त्र त्यांस अधिक आवडेल, असा त्या माउलीचा साधा हिशेब असावा.

मुले सुखरूप पोचली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पण आजोबांचे बिऱ्हाड वऱ्हाडातच रुजले आणि आजीचा नवस तसाच राहून गेला. जाताना तिने तो आईच्या पदरात टाकला. पुढे आईचा विवाह होऊन ती परभणीस आली. आता परभणी कोठे आणि नरसी कोठे! सकाळी निघून संध्याकाळी परत यावे इतके ते अंतर. परंतु जे जवळ असते तेच राहून जाते, हा सर्वांच्या घरचा अनुभव आहे. काशी झाली, रामेश्वर झाले. नरसी मात्र 'जाऊ की केव्हाही' यातच साठ वर्षे राहिली. गेल्या दिवाळीनंतर आई आजारातून उठली आणि तिने पेटीतून एक पांढरा कापडाचा तुकडा काढून कापऱ्या हातांनी टाके घालण्यास आरंभ केला, तेव्हा आम्ही काय ते ओळखले. माघ महिन्यात जावयाचे ठरले. डॉक्टरांनी परवानगी दिली. पण एका बैठकीत दोन तासांवर प्रवास नको, दुपारची विश्रांती चुकवू नका, असे दोनदा बजावले.

घरची मोटार जुनी. तिचा रेडिएटर पाझरत असे. दूरच्या वाटेवर धोका नको म्हणून आम्ही ती ओळखीच्या मिस्त्रींकडे दिली. त्यांनी नवा रेडिएटर बसविला, रबरी नळ्या बदलल्या, नवे कूलंट भरले. संध्याकाळी आम्ही मोटार आणावयास गेलो तर ते म्हणाले, "आजची रात्र गाडी इथंच राहू द्या. इंजिन गार झालं की सकाळी पुन्हा पातळी बघतो, मग घेऊन जा." आम्ही घड्याळाकडे पाहिले, दुसऱ्या दिवसाची कामे मनात मोजली आणि म्हणालो, "भरले आहे ना? मग झाले तर." त्यांनी उरलेला कूलंटचा डबा आमच्या हाती दिला आणि ते गप्प राहिले. जाणता कारागीर दोनदा सांगत नाही.

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आई, वहिनी, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला आमचा पुतण्या आणि चालक म्हणून आम्ही स्वतः, अशी चौघांची स्वारी होती. जिंतूरचा रस्ता धरला. माघातली पहाट, वाऱ्याला बोचरी धार होती. आईने शाल लपेटून घेतली तेव्हा पुतण्याने हीटर लावला. पण अर्धा तास झाला तरी झरोक्यांतून थंड वाराच येत राहिला. "हीटर बिघडलेला दिसतो," असे म्हणून आम्ही तो बंद केला. वाचकहो, त्या थंड वाऱ्यात आमच्या सर्व दुखण्याचे निदान सांगितलेले होते. पण ते ऐकण्याचे कान आम्हांस नव्हते.

जिंतूर मागे पडले आणि रस्ता चढउतारांचा झाला. एका चढावर तापमानाचा काटा जागचा हलला. जो नित्य मध्याच्या किंचित खाली असावयाचा तो वर सरकला, पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला. आम्ही वेग कमी केला. काटा स्थिरावला आणि मनही स्थिरावले. मनुष्य आपल्या सोयीचे तेवढेच पाहतो.

औंढा नागनाथास नऊच्या सुमारास पोचलो. बारा ज्योतिर्लिंगांत ज्याची गणना होते असे हे देवस्थान. यादवकालीन हेमाडपंती धाटणीचे काळ्या दगडाचे मंदिर, भिंतींवर मूर्तींच्या रांगा. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. आईने वरूनच हात जोडले. येथे नंदी देवासमोर नसून देवळाच्या पाठीमागे आहे. त्याची कथा प्रसिद्धच आहे : नामदेवांस कीर्तनासाठी देवळासमोरून उठविले, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे परंपरा सांगते.

परंतु आईला त्याहून दुसरी कथा अधिक प्रिय. सभामंडपाच्या कडेला सावलीत बसून तिने ती पुतण्याला सांगितली. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी कुंभाराचे थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. सगळे शांत राहिले; नामदेव तेवढे रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडके कच्चे आहे. अपमानित नामदेव विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांस गुरू करावयास सांगितले आणि विसोबा खेचरांकडे धाडले. औंढ्याच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी दोष देताच ते म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जेथे जेथे पाय ठेवू लागले तेथे तेथे पिंड! "बाहेरून मडके पक्के दिसते रे," आई म्हणाली, "घाई झाली की आत कच्चे राहते. वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही."

आम्ही हसून मान हलविली आणि मोटारीकडे गेलो. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतील पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसली. डब्यातले थोडे कूलंट ओतून ती खुणेपर्यंत आणली आणि समाधानाने निघालो. पातळी का उतरली, गेलेले कूलंट कोठे गेले, हा प्रश्न आमच्या मनास शिवला नाही.

औंढ्याहून हिंगोली पंचवीसेक किलोमीटर. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. आज हे गाव हळदीच्या व्यापारासाठी दूरवर ओळखले जाते, आणि तेथील हळदीच्या बाजाराला संत नामदेवांचेच नाव दिलेले आहे. गावात शिरताच आईने काच खाली करावयास सांगितले. आजोबांची शाळा, घर, यांतले काही ओळखीचे दिसेल अशी आशा नव्हतीच. चार वर्षांच्या मुलीला काय आठवणार? पण गाव संपेपर्यंत ती बाहेर पाहत राहिली.

येथून सेनगावच्या दिशेने नरसी वीस किलोमीटरांच्या आत. ऊन तापू लागले होते. दोन्ही बाजूंना हळदीची काढणी चाललेली, शेतांतून धुराचे आणि वाफेचे लोट उठत होते, हवेत ओल्या हळदीचा उग्र, मातकट वास भरलेला. त्या लोटांकडे पाहत असता आमच्या स्वतःच्या बॉनेटमधूनही तसाच एक लोट उठतो आहे हे प्रथम वहिनींच्या ध्यानी आले. काटा पार लाल रेघेला भिडला होता. आम्ही मोटार कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. आतून उकळत्या पातेल्यासारखा गडगड आवाज येत होता.

पुतण्याने उडी मारून बॉनेट उघडले, हाताला रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात शेजारच्या शेतातून आरोळी आली, "ए दादा, हात नको लावू!" एक पन्नाशीचे शेतकरी बांधावरून धावत आले. त्यांच्या शेतात हळद शिजविण्याचे यंत्र चालू होते : एक बाष्पक आणि त्याला नळ्यांनी जोडलेली मोठी लोखंडी पिंपे, त्यालाच इकडे कुकर म्हणतात. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "वाफ कोंडलेली असताना त्याचं झाकण आम्ही काढतो का? मग हे कसं काढता? आमच्या गावात एकाचा चेहरा भाजलाय असाच."

पुतण्याचा हात मागे आला. आमच्या अंगावर काटा उभा राहिला. कारण पुढल्या क्षणी काय घडले असते हे पुस्तकी ज्ञान त्यालाही होते आणि आम्हांसही. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते. मोटारीच्या रेडिएटरचे झाकण मात्र आतला दाब धरून ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो जादा दाब असला तर पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच तो दाब नाहीसा होतो आणि ते अतितप्त पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर उसळते. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची शिट्टी पडेपर्यंत थांबणारी आमच्या घरची मंडळी बॉनेटखालच्या कुकरला मात्र रुमालाने उघडू पाहत होती!

शेतकऱ्यांनी आम्हांस शेतातल्या लिंबाखाली नेले. आईसाठी बाज टाकली, माठातले पाणी दिले. इंजिनावर गार पाणी ओतावे काय असे आम्ही विचारले तर त्यांनी मान हलविली. तेही योग्यच होते. तापलेल्या धातूवर एकाएकी थंड पाणी पडले तर तो तडकण्याचे भय असते. बॉनेट उघडे ठेवून वाट पाहणे एवढाच उपाय होता. दुपारचे बारा वाजले होते. आईच्या विश्रांतीची वेळ जवळ आली होती, आणि नरसी तेथून दहा किलोमीटरही नव्हती. आम्ही म्हणालो, "एखादी रिक्षा मिळाली तर तुम्ही आणि वहिनी पुढे जा." आई म्हणाली, "सत्त्याहत्तर वर्षे वाट पाहिली त्या देवाने. दोन तासांनी काय बिघडते? बरोबर निघालो, बरोबर जाऊ." आणि ती बाजेवर आडवी झाली.

आता विचार करावयास अवसर होता, आणि या अवसरात पुतण्याचे शिक्षण कामास आले. त्याने मातीत काडीने आकृती काढली. इंजिनाच्या आत ठिणगीने इंधन जळते, आणि त्याच्या उष्णतेचा मोठा भाग इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरणारे पाणी वाहून नेते. एक पंप ते पाणी फिरवितो. वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक मेणाची डबी द्वारपाल म्हणून बसलेली असते; पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापले की मेण वितळून फुगते आणि रेडिएटरकडचे दार उघडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पाणी निवते आणि परत जाते. ही बारीक नळ्यांची युक्ती जुनी आहे; मायबाख नावाच्या जर्मन यंत्रज्ञाने १९०१ च्या सुमारास मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला आणि मोटारींचे मोठेच दुखणे हलके झाले. त्यापूर्वीच्या, आणि पुढे कित्येक वर्षांच्याही, गाड्या घाट चढताना उकळत; आमच्या घरची वडील मंडळी घाटात थांबून रेडिएटरमध्ये डब्याने पाणी घालीत असल्याच्या गोष्टी सांगत असत.

"म्हणजे बिघाड कोठे?" आम्ही विचारले. पुतण्याने बोटे मोजली. थर्मोस्टॅट उलटा बसला असेल किंवा अडकला असेल. पंख्याची तार जोडावयाची राहिली असेल. झाकण दाब धरीत नसेल. पंपाचा पट्टा सैल असेल. नळी कोठे दुमडली असेल. किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, इंजिनाच्या डोक्याखालचे गॅस्केट फुटून जळता वायू पाण्यात शिरत असेल. एवढ्या शक्यता ऐकून आमचा राग मिस्त्रींकडे वळला. "परवाच काम केले, पैसे घेतले, आणि आज ही दशा!" असे काहीसे आम्ही बोलून गेलो.

शेतकरी इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, पाणी नवीन भरलंय म्हणता? मग हवा धरली असेल."

"म्हणजे?"

"विहिरीवरच्या पंपाचं असंच असतं. मोटार फिरते, आवाज येतो, पण पाणी येत नाही. पंपात हवा राहिली की तो नुसता हवेत फिरतो. पहिल्यांदी बादलीनं पंप काठोकाठ भरावा लागतो, हवा निघू द्यावी लागते, मग चालू करायचा. आमचं लेकरू पण घाई करतं आणि मग परत विहिरीत उतरतं."

पुतण्या एकदम उठला. "काका, सकाळी हीटरमधून थंड वारा येत होता!" हीटर म्हणजे इंजिनाच्या तप्त पाण्याची एक शाखा, इंजिन तापलेले असून हीटर थंड, याचा अर्थ त्या नळीत पाणी पोचलेच नव्हते, तेथे हवा अडकून बसली होती. हवा हलकी, ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. पंप पाणी ढकलू शकतो, पण हवेचा गोळा त्याला ढकलत नाही. द्वारपाल थर्मोस्टॅटपाशी गरम पाण्याऐवजी हवा असली तर तो दार उघडण्यास उशीर करतो. काट्याचा संवेदक हवेत उघडा पडला तर काटा एकदा खाली, एकदा वर असा खोटे बोलतो. आणि प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी खुणेपर्यंत असले तरी आत पोकळी असू शकते. म्हणजे आम्ही मिस्त्रींना ज्या तोऱ्याने विचारले होते, 'भरले आहे ना?', त्याचे खरे उत्तर होते : दिसावयास भरले आहे, आत रिकामे आहे. इंजिन एकदा तापून निवल्यावरच ती हवा वर येते आणि पातळी उतरते. म्हणूनच ते रात्रभर गाडी ठेवून घेणार होते. दोष त्यांच्या कामाचा नव्हता. ते काम पुरे होण्यापूर्वी आम्ही ते त्यांच्या हातातून ओढून घेतले होते.

औंढ्याच्या सभामंडपात ऐकलेली मडक्याची गोष्ट आम्हांस तेथे आठवली. आईकडे पाहिले तर ती डोळे मिटून पडली होती. जागी असावी, कारण ओठांवर हसू होते.

दीड तासाने इंजिनाला हात लावता येऊ लागला. मग पुढील क्रमाने काम झाले. वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल म्हणून तो सविस्तर देतो. शेतकऱ्यांच्या शेतात शिरण्यासाठी मातीचा एक उतार केलेला होता. मोटार चौघांनी ढकलून तिचे तोंड त्यावर चढविले आणि चाकांना दगड लावले; यामुळे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच झाले आणि हवेला वर येण्यास वाट मिळाली. मग झाकणावर जाड ओले पोते ठेवून ते अगदी थोडे फिरविले, उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि नंतर काढले. आत पाहतो तो पाण्याचा मागमूस नाही! डब्यातले कूलंट बारीक धारेने ओतले. मिस्त्रींनी दिलेला तो डबा आज आमच्या लाजेचा आणि सुटकेचा साक्षी झाला. हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे त्या शाखेचे दार उघडे राहील. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू केले आणि ते मंद गतीने चालू दिले. पुतण्या वरची रबरी नळी मधून मधून दाबी. दाबताच तोंडाशी बुडबुडे येत आणि पातळी खाली जाई. उतरेल तसे भरावयाचे. कूलंट संपले तेव्हा आमच्या बाटलीतले गाळलेले पिण्याचे पाणी घातले. विहिरीचे पाणी शेतकऱ्यांनी स्वतःच नको म्हटले. या काळ्या दगडाच्या मुलखातले पाणी जड असते, त्याने आत क्षारांचा थर बसतो.

दहा मिनिटे गेली. बुडबुडे चालूच होते. मनात गॅस्केटची भीती डोकावली; कारण हवा एकदाची संपते, पण फुटक्या गॅस्केटचे बुडबुडे कधीच संपत नाहीत. आम्ही सर्व त्या लहानशा तोंडाभोवती श्वास धरून उभे होतो. एवढ्यात एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला, पातळी एकदम खोल गेली आणि मोटारीत बसलेल्या वहिनी ओरडल्या, "भाऊजी, गरम वारा येतोय!" माघाच्या भर दुपारी गरम वाऱ्याचे असे स्वागत क्वचितच कोणी केले असेल. त्यानंतर बुडबुडे विरळ होत थांबले. खालची नळी हाताला उष्ण लागू लागली, म्हणजे द्वारपालाने दार उघडले. आणखी थोड्या वेळाने पंखा आपोआप फिरू लागला आणि थांबला. आम्ही झाकण घट्ट बसविले. मोजून पाहिले तर दीड लिटरांच्या वर पाणी आत गेले होते. चार-पाच लिटरांच्या पात्रात एवढी पोकळी घेऊन आम्ही परभणीहून येथवर आलो होतो.

इकडे बाजेवर आई आणि त्या घरच्या वृद्ध आजीबाई यांचे चांगले जमले होते. त्यांच्या सासूनेही त्या वर्षी मुलांना घेऊन वऱ्हाडची वाट धरली होती आणि पुढे परत येऊन हेच शेत कसले होते. कोण कोणत्या वाटेने गेले, नदी कोठे ओलांडली, रात्री कोणी भाकरी दिल्या, याची दोघी ऐकीव हकिकत एकमेकींस सांगत होत्या. आईने पिशवीतून शेला काढून दाखविला. त्या बाईंनी त्यावरून हात फिरवला, एका कोपऱ्यात उसवलेला टाका दाखविला आणि घरातून सुई-दोरा आणून तो स्वतः घातला. "माझाबी एक टाका राहू द्या त्यात," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही पैसे देऊ केले ते शेतकऱ्यांनी घेतले नाहीत; उलट मूठभर नव्या हळकुंडांची पुरचुंडी आईच्या हाती दिली.

चारच्या सुमारास नरसीस पोचलो. काटा मध्याच्या किंचित खाली, जागचा हलला नाही. कयाधू नदीच्या काठचे हे गाव. पुढे ही नदी पैनगंगेस मिळते. दामाशेटी आणि गोणाई यांच्या पोटी शके ११९२, म्हणजे इ.स. १२७० मध्ये नामदेवांचा जन्म येथे झाला अशी परंपरा आहे. जन्मस्थान पंढरपूर मानणारेही अभ्यासक आहेत. परंतु आषाढी वारी करून आलेले वारकरी पुढल्या एकादशीस परतवारीला येथे लोटतात, त्यांस या वादाशी कर्तव्य नाही. नामदेवांनी भागवत धर्माचा झेंडा पंजाबपर्यंत नेला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबात ज्या घुमानास त्यांनी वास्तव्य केले तेथे २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही भरले. म्हणूनच नरसीस विठ्ठलाचे टाळ आणि गुरुद्वारा ही दोन्ही शेजारी नांदतात. आम्ही गेलो तेव्हा पंजाबकडील काही भाविक तेथे आले होते. त्यांच्यातील एका वृद्धेने आईचा हात धरून तिला पायरी चढविली. दोघींची भाषा एकमेकींस कळत नव्हती. 'नामदेव' हा एक शब्द दोघींस पुरला.

आईने शेला वाहिला. ती काय बोलली ते आम्हांस ऐकू आले नाही. बाहेर येऊन ती नदीकाठी थोडा वेळ बसली आणि म्हणाली, "आईचे झाले. आता माझे काही राहिले नाही." त्या शब्दांत दुःख नव्हते, मोठे ओझे जागच्या जागी नेऊन ठेवल्यावर माणूस जसा पाठ सरळ करतो तसे ते शब्द होते. आईला शीण होऊ नये म्हणून त्या रात्री आम्ही हिंगोलीस मुक्काम केला. सकाळी इंजिन थंड असता झाकण उघडून पातळी पाहिली. ती बोटभर उतरली होती. तेवढी भरली, आणि मगच परतीची वाट धरली.

परभणीस येताच प्रथम मिस्त्रींकडे गेलो आणि झालेला सर्व प्रकार सांगून आमची चूक कबूल केली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "झाकण गरम असताना उघडलं नाही ना?" मग पाणी मिसळून पातळ झालेले कूलंट त्यांनी काढून टाकले, कूलंट आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी निम्मे-निम्मे भरले, आणि या वेळी गाडी रात्रभर ठेवून घेतली. आम्ही घड्याळाकडे पाहिले नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांस एवढेच सांगावयाचे की, पाण्याचे काम झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत इंजिन थंड असता पातळी पाहावी. हीटर एकदा लावून त्यातून गरम वारा येतो की नाही हे पाहावे. काटा हलला तर वेग कमी करून समाधान मानू नये, थांबावे. आणि तापलेल्या झाकणास कधीही हात लावू नये. आणि ज्यांच्या घरी कोणा वडीलधाऱ्या माणसाचे जवळच्याच गावी जावयाचे राहून गेले असेल, त्यांनी तेही आता फार काळ लांबवू नये.